फरहीनची जांभळी नळी

आमच्या आष्टीच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे पदार्थविज्ञानाची एक लहान खोली आहे, आणि त्या खोलीत फरहीन मणियार नावाची बाई पंप चालवते. पंप विद्यापीठानं मोडीत काढलेला. तो सुरू झाला की माझ्या टेबलावरचा खडू आपोआप सरकायला लागतो. मी विरहाची कविता काढली की हा नेमका सुरू होणार. पोरं फिदीफिदी हसतात आणि कवितेतल्या नायिकेचं दुःख पिठाच्या गिरणीत जाऊन पडतं.

पंप आला त्या पहिल्याच वर्षी मी भांडायला गेले होते. तरातरा गेले, दार ढकललं आणि विचारलं, "फरहीन, हे काय चाललंय?"

"हवा काढून राह्यले, मॅडम."

"कशातली?"

"या नळीतली."

स्टँडवर हातभर लांबीची काचेची नळी आडवी बसवलेली होती. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, त्यांना वायरी. वायरी एका जाडजूड ट्रान्सफॉर्मरला. हा ट्रान्सफॉर्मर जालन्यातल्या एका बंद पडलेल्या लॉजच्या निऑन पाटीचा, हे मला नंतर कळलं. फरहीननं खिडकीचा पडदा ओढला आणि बटण दाबलं. नळीत क्षणभर काहीच झालं नाही. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गुलाबी-जांभळा उजेड उभा राहिला. न हलणारा, न धुरकटणारा, अगदी शांत. मी कशाला आले होते तेच विसरले. रागावलेल्या माणसाला असं विसरायला लावणं बरोबर नाही, म्हणून जाताना दार जरा जोरात आपटलं.

तेव्हापासून आमची मैत्री.

फरहीन याच गावची. बाजाराच्या तोंडाशी तिच्या अम्मीचं, बदरुन्निसाचं, बांगड्यांचं दुकान आहे. वडील अजमत मणियार बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन जत्रांना जायचे. ते गेले तेव्हा फरहीन शाळेत होती. दुकान अम्मीनं चालवलं. काचेच्या बांगड्या तर सगळेच विकतात, पण बदरुन्निसा चाची लग्नसराईत लाखेचे चुडे स्वतः घडवते. कोळशाच्या शेगडीवर लाखेची कांडी गरम करायची, पाटावर फिरवून तिची दोरी करायची, ती मऊ आहे तोवर गोल वळवून दोन टोकं अशी जुळवायची की सांधा कुठं आहे ते बोटाला कळू नये. परतूर तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्याच हातचा चुडा घालून मांडवात उभ्या राहिल्या असतील.

या दुकानाचा एक रिवाज आहे. तसा तो सगळ्याच बांगडीवाल्यांचा, पण चाची तो फार कडकपणे पाळते. बांगडी चढवताना फुटली तर ती दुकानदाराची. गिऱ्हाइकाला बोल लावायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, फुटकी डब्यात टाकायची आणि दुसरी चढवायला घ्यायची. एकदा हातात नीट चढली, आणि मग दाराला आपटून फुटली, तर ती गिऱ्हाइकाची.

त्या फुटक्यांचा डबा फळकुटाखाली असायचा आणि लहानपणी फरहीनचा सगळा वेळ त्या डब्याशी जायचा. हिरवी काच डोळ्याला लावून बाजार बघायचा, मग लाल लावून, मग दोन्ही एकदम. अम्मी ओरडायची, डोळा फुटेल म्हणायची. पोरीनं ऐकलं नाही. पुढं परतूरला बीएस्सी, विद्यापीठात एमएस्सी, आणि परत आमच्या कॉलेजात नोकरी. डोळ्याला काच लावायची सवय तशीच राहिली. आता तिला संशोधन म्हणतात एवढंच.

तिचं संशोधन काय, ते मी तिच्याकडून अनेकदा समजून घेतलं आणि अनेकदा विसरले. शेवटी एकदा डबा खाताना तिनं ते माझ्या डोक्यात बसवलं.

"नायट्रोजनचा रेणू म्हंजे दोन अणूंची जोडी, मॅडम. नळीत त्याला जोराचा धक्का बसला की त्याचा एक इलेक्ट्रॉन उडून जातो. उरतो तो आयन. त्याला काही चैन पडत न्हाई. मंग तो निवताना उजेड टाकतो. आणि टाकतो तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या रंगाचा. तो उजेड मी फाकवून बघते. वर्णपटात त्याचे पट्टे पडतात."

"आणि दुसऱ्या कुणाचा पट्टा त्या जागी पडत नाही?"

"ज्याची त्याची जागा ठरलेली असते. पण काही शेजारी लई जवळ राहतात. घोळ तिथंच होतो."

हे वाक्य तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं. तेव्हा त्याच्याकडे ना तिनं लक्ष दिलं ना मी.

उजेड फाकवायला तिच्याकडे साबणाच्या डबीएवढं एक यंत्र होतं. ते लॅपटॉपला जोडलं की पडद्यावर डोंगररांग उमटायची. उंच शिखर म्हणजे ठळक पट्टा, बुटकं शिखर म्हणजे फिका. आणि नळीत भरायला लागणारा नायट्रोजन यायचा गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तिथं द्रव नायट्रोजनचे मोठे थर्मास ठेवलेले असतात. दवाखान्यातला परिचर वसंता त्यातला थोडा एका लहान थर्मासात घालून स्कूटरवरून आणून द्यायचा. त्यामुळं फरहीन मॅडमच्या खोलीत म्हशींचं काहीतरी चालतं अशी गावात बराच काळ समजूत होती. एका शेतकऱ्यानं तर माझ्या वर्गात डोकावून, मुऱ्हा जातीचं मिळेल का, असं विचारलं होतं. मी त्याला पलीकडचं दार दाखवलं.

आता अण्णासाहेबांकडे वळते. अण्णासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण रिकामी खोली त्यांना बघवत नाही, आणि माणसं आत काय करतात ते न कळणारी खोली त्यांच्या लेखी रिकामीच. त्यांच्या मनात त्या जागी व्यायामशाळा होती. नुसती मनात नाही, तिचं सामानही आलं होतं. डंबेल्स, वजनं, चालायचं यंत्र, सगळं प्लॅस्टिकात गुंडाळून माझ्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात पडलेलं. एकदा ते फरहीनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, दिवाळीपर्यंत काहीतरी दाखव. गावाला सांगता येईल असं. न्हाई दाखवलंस तर खोली पोरांच्या दंडाला देणार." फरहीन मान खाली घालून हो म्हणाली. दिवाळी तशी दूर होती, पण तिच्या नळीला गळती लागली होती.

नळीची काच आणि गॅसच्या नळाचा पितळी भाग जिथं जुळतो, त्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत होती. त्यासाठी लागणारं खास ग्रीस पुण्याहून मागवलं होतं, ते वाटेत कुठंतरी मुक्कामाला थांबलं. बाजारातला चिकटवायचा मसाला लावून झाला. तापला की त्याला तडे जायचे. फरहीनचं जेवणावरचं लक्ष उडालं.

अशात एक दिवस चाची तिचा विसरलेला डबा घेऊन आली. पोरगी रडकुंडीला आलेल्या चेहऱ्यानं सांध्याकडे बघत बसलेली. चाचीनं डबा ठेवला, चष्मा लावला आणि सांधा बोटानं चाचपला.

"इत्तीशीच भेग हाय? लाख लाव की."

फरहीनला हसू आलं, आणि मग आलेलं हसू थांबलं. जुन्या काळी प्रयोगशाळांमध्ये असे सांधे लाखेच्याच मेणानं बंद करायचे, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. चाचीच्या पिशवीत कांड्या होत्याच. स्पिरिटच्या दिव्यावर चाचीनं एक कांडी मऊ केली आणि सांध्याभोवती चुडा वळवावा तशी वळवली. वरून ओल्या बोटानं गुळगुळीत केली. लाल रंगाची कांडी होती. इतकी सुबक वस्तू त्या खोलीत दुसरी नव्हती. पंप लावला, दाबाचा काटा खाली गेला आणि खालीच राहिला. गळती बंद.

मी तिथंच होते. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं ते पाहून मला उगाचच माझ्या आईची आठवण झाली.

आणि मग तो पट्टा वर आला.

मला समजलं ते असं. नायट्रोजनच्या त्या आयनचे जांभळ्याच्या पार काठाशी दोन पट्टे पडतात, शेजारी शेजारी. थोरला ठळक. धाकटा इतका फिका की असून नसल्यासारखा. फरहीनच्या नळीत धाकटा वाढायला लागला. आधी थोरल्याच्या खांद्याशी, मग कानाशी, आणि एक दिवस थोरल्याच्या डोक्यावरून वर. हे जर खरं असेल तर त्या आयनच्या आत काहीतरी असं चाललंय जे कुणी पाहिलेलं नाही. तिनं पुन्हा पुन्हा मोजलं. दाब बदलला, वीज बदलली. विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शकांनी फोनवर एवढंच सांगितलं, की घाई करू नका, परत तपासा.

ती तपासतच होती. पण तपासताना तिनं एक गोष्ट केली, जी बांगडीवालीच्याच पोरीला सुचेल. सांधा जरा सैल वाटला की अम्मीला बोलवायचं. अम्मी येऊन लाखेचा आणखी एक वेढा द्यायची. वेढा दिला की पट्टा आणखी उंच. फरहीनचा हिशेब असा, की सांधा जितका पक्का तितकी बाहेरची हवा कमी, आणि आयन तितका मोकळा. चाची तर खूशच. तिच्या हातानं पोरीचा उजेड वाढतो, हे ती गिऱ्हाइकांना बांगड्या भरता भरता सांगायला लागली होती.

फरहीननं मला बजावलं होतं, "मॅडम, कुणाला बोलू नका अजून." मी एका वाक्यात, एका माणसाला, स्टाफरूममध्ये सांगितलं. खरी लाख माझ्या तोंडाला लावायला हवी होती. दुपारपर्यंत अण्णासाहेबांना कळलं आणि संध्याकाळी ते स्वतः आले. नळी पाहिली, पडद्यावरचं उंच शिखर पाहिलं, आणि त्यांना पहिल्यांदाच विज्ञान आवडलं.

"हे जगात कुठं न्हाई?"

"अजून तपासायचं आहे, अण्णासाहेब."

"तपास की. सत्कार झाल्यावर तपास."

चार दिवसांत गावात फ्लेक्स लागले. 'आष्टीत सापडला नवा प्रकाश!' मध्यभागी अण्णासाहेब, हात जोडलेले. कोपऱ्यात फरहीन, पासपोर्टच्या फोटोतली, घाबरलेली. नळीचा फोटो कुणी काढलाच नव्हता म्हणून त्या जागी साधी ट्यूबलाइट छापली होती. सत्कार शनिवारी, कॉलेजच्या पटांगणात. फरहीनचा आणि तिच्या आईचाही. अण्णासाहेबांनी फ्लेक्सवाल्यासमोरच जाहीर केलं, की आता खोलीला कुणी हात लावायचा नाही, व्यायामशाळा दुसरीकडे बघू.

सत्काराला आमदारांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे नळी बघणार, म्हणून गुरुवारी फरहीननं अम्मीला शेवटचा वेढा द्यायला बोलावलं. चाचीनं यावेळी जीव ओतला. सांधा सोडवून घेतला, लाख बाहेरून तर लावलीच, पण आतल्या तोंडालाही लाखेचं कडं बसवलं. म्हणाली, "आता बघ. आता बिलकुल हलायचा न्हाई." मग दुकान उघडायचं म्हणून ती गेली.

मी वर्ग संपवून डोकावले तेव्हा फरहीन पडद्यासमोर बसली होती. धाकटा पट्टा छप्पर फाडून वर गेला होता. मी टाळी वाजवली. तिनं वाजवली नाही.

"मॅडम, हे हिरव्यात काय आलं?"

डोंगररांगेच्या मधल्या भागात, जिथं आजवर काही नव्हतं, तिथं शिखरांची एक लहान ओळ उभी होती.

"छान आहे की," मी म्हणाले. मला काय कळणार.

"ही ओळ मी दरवर्षी पोरांना दाखवते. गॅसच्या शेगडीच्या निळ्या ज्योतीत असते ही. कार्बनची." तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "नायट्रोजनमध्ये कार्बन कुठून आला?"

तिला उत्तर माहीत होतं, आणि एव्हाना मलाही ते कळलं. दोघींनी एकदमच सांध्याकडे पाहिलं. लालभडक, गुळगुळीत, देखणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता थर्मास घेऊन आला. लाखेच्या सांध्यापुढं, नळीत शिरायच्या आधी, काचेचा एक वाकडा भाग होता, इंग्रजी यूसारखा. फरहीननं तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. लाखेतून जी काही वाफ निघत असेल ती तिथंच गोठून बसेल, आणि नायट्रोजन मात्र पुढं जाईल, असा बेत. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. हिरवी ओळ आधी गेली. मग धाकटा पट्टा खाली यायला लागला. थोरल्याच्या कानाशी आला, खांद्याशी आला, आणि असून नसल्यासारखा झाला. तिनं थर्मास काढून घेतला. थोड्या वेळानं तो परत वर चढला.

"त्या जागेला लागूनच कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा पट्टा पडतो," ती म्हणाली. "लाखेतला कार्बन, नळीतला नायट्रोजन. आयन बिचारा आपल्या जागी बराबर होता. मीच शेजाऱ्याला त्याचं नाव दिलं."

वसंतानं विचारलं, "म्हंजे चांगलं झालं का वाईट?" फरहीननं थर्मास त्याच्या हातात दिला, आणि तो म्हशींकडे गेला.

मी तिला सल्ला दिला. मोठ्या आवाजात दिला, कारण मला राग आला होता. कुणावर ते माहीत नव्हतं. म्हणाले, उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. शाल घे, नारळ घे, खोली पदरात पाडून घे. मग महिन्या दोन महिन्यांनी हळूच सांग, की आता तो पट्टा दिसत नाही. कोण विचारायला येतंय? आयन येणार आहे का कोर्टात?

"खोलीचं सोडा, मॅडम," ती म्हणाली. "मी व्हरांड्यात बी नळी लावीन. पण अम्मीला कसं सांगू? ती उद्या पहिल्यांदा स्टेजवर बसणार हाय. निळी साडी काढून ठेवली तिनं. तिला सांगू का, तुझ्याच हातानं बिघडलं म्हणून?"

आम्ही दोघी दुकानाकडे निघालो.

चाची एका नवऱ्या मुलीला चुडा भरत होती. मुलीचा हात आखडलेला, शेजारी तिची मावशी घाई करणारी. चाची एका हातानं तळवा दाबत, बोटांची मोळी करत, हिरवी बांगडी हाडावरून उतरवत होती. आम्हाला बघून तिनं मानेनंच बसा म्हटलं. फरहीन बसली आणि तिथंच, गिऱ्हाइकासमोर, सगळं सांगून मोकळी झाली. घरी त्या उर्दूत बोलतात, तसंच उर्दूत, भरभर. पट्टा आयनचा नाही. लाखेच्या वाफेचा आहे. उद्या ज्याच्यासाठी सत्कार आहे ते मुळात नाहीच.

चाचीच्या हातातली बांगडी टचकन फुटली.

मावशी चुकचुकली. चाचीनं तुकडे डब्यात टाकले, मुलीच्या मनगटाला लागलं नाही ना ते पाहिलं, आणि मग आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. बांगड्या चढवून चढवून वाकडी झालेली ती बोटं बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"माझ्या लाखेनं?" तिनं विचारलं.

"चूक माझी हाय, अम्मी. लाखेनं तिचं काम केलं. सांधा तर बंद झाला ना? बघायचं काम माझं होतं."

चाचीनं विचारलं, "सत्कार उद्या हाय ना?"

"हां."

"झाला तर न्हाई ना अजून?"

"न्हाई."

"मंग रडायला काय झालं? अजून चढवूनच राह्यलो आपण. चढवताना फुटली तर आपली." तिनं नवऱ्या मुलीचा हात परत हातात घेतला. "उद्या शाल घेतली की चढली समज. मंग फुटली तर गावाची. लोकांच्या हातात फुटकी बांगडी घालू का मी? या उमरला?"

आणि दुसरी हिरवी बांगडी घेऊन ती कामाला लागली. फक्त, नेहमी ती बांगड्या भरताना गप्पा मारते, त्या दिवशी मारल्या नाहीत.

शनिवारी पटांगण भरलं. आमदार आले नाहीत, त्यांचा हार आला. चाची निळ्या साडीत, डोक्यावरून पदर घेऊन, खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. अण्णासाहेबांनी भाषण केलं. आष्टीच्या मातीतला नायट्रोजन इतर ठिकाणच्या नायट्रोजनपेक्षा वेगळा आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पहिल्या रांगेत बसलेल्या वसंतानं अभिमानानं मिशीवर हात फिरवला, कारण नायट्रोजन दवाखान्यातला होता.

मग शाल उलगडली, तेव्हा फरहीन उठली आणि माईकपाशी गेली.

"अण्णासाहेब, शाल थांबवा," ती म्हणाली. "नवा प्रकाश सापडलेला नाही. जो पट्टा मी आयनचा समजले, तो लाखेच्या वाफेचा निघाला. काल तपासलं तेव्हा कळलं. चूक माझी आहे. तुम्ही सगळे आलात, त्याबद्दल माफी मागते."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. अण्णासाहेबांच्या हातात शाल तशीच पसरलेली, तिचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांच्या डोक्यावरच्या फ्लेक्सवर तेच हात जोडून हसत होते. माझी नजर व्हरांड्याकडे गेली. प्लॅस्टिकात गुंडाळलेलं ते चालायचं यंत्र आता कुठल्याही क्षणी खोलीच्या दिशेनं चालू लागेल असं वाटलं.

"पोरी, हे मला काल सांगता येत न्हवतं?" अण्णासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. माईक चालू होता, त्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं. "आख्ख्या गावात माझी..."

तेव्हा चाची खुर्चीवरून उठली. माईक तिला नको होता. बाजारात हाका मारून कमावलेला तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"अण्णासाहेब, तुमच्या आईला बांगड्या मी भरल्या. मंडळींना भरल्या. दोन्ही लेकींचे चुडे माझेच. चढवताना फुटली तर मी कधी तुमच्या घरच्यांना बोलले?"

अण्णासाहेब गोंधळले. "न्हाई, भाभी."

"तुमच्या धाकटीच्या वख्ताला किती फुटल्या, ठावं हाय ना?"

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. धाकटीचा हात सगळ्यांना माहीत होता.

"तशीच ही फुटली. चढवताना फुटली, ती आमची. शाल आम्ही घेत न्हाई. गावाचं काही गेलं न्हाई." एवढं बोलून तिनं पदर सारखा केला.

अण्णासाहेबांनी हातातल्या शालीकडे पाहिलं, मग वर फ्लेक्सकडे पाहिलं. ते काय विचार करत होते ते मी सांगू शकते, कारण त्यांना मी वीस वर्षं बघते आहे. निम्मा विचार त्या फ्लेक्सचा होता. प्रकाश सापडला नाही म्हणून खोली काढून घेतली, तर गाव फ्लेक्सवरून त्यांचीच थट्टा करणार. पण उरलेला निम्मा विचार, मी पैजेवर सांगते, त्यांच्या आईच्या हातांचा होता. त्यांनी शालीची घडी घातली, हळूहळू, टोकाला टोक जुळवून. ती टेबलावर ठेवली.

"भाभी, एक बांगडी फुटली तर तुम्ही पुढं काय करता?"

"दुसरी चढवते."

"गिऱ्हाईक हात मागं घेतं का?"

चाचीनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग मी कशाला घेऊ?" अण्णासाहेबांनी आपला जाडजूड उजवा हात, सोन्याच्या घड्याळासकट, सगळ्या गावासमोर पुढं केला. "चढवा दुसरी. तोवर खोली तुमची."

पटांगण हसलं, टाळ्या पडल्या. फरहीननं ओढणी तोंडावर धरली. चाचीनं मात्र चष्मा वर सरकवला आणि हाताला न शिवता, लांबूनच, ज्या नजरेनं ती कुठल्याही गिऱ्हाइकाचं मनगट बघते त्या नजरेनं तो हात नीट पाहून घेतला.

"हात लई कडक हाय, अण्णासाहेब," ती म्हणाली. "टाइम लागंल."

"लागू द्या," अण्णासाहेब म्हणाले.

सोमवारी मी पुन्हा विरहाची कविता शिकवायला घेतली. दुसऱ्या ओळीला पलीकडे पंप सुरू झाला. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना म्हटलं, थांबा जरा, हवा निघू द्या.